गुलाबी रंग टिकत का नाही?

प्रश्न : ऑक्झॅलिक आम्लाचं सोडियम हायड्रॉक्साइडशी अनुमापन (थेंबाथेंबाने टाकून प्रमाण मोजणं) करताना फिनॉल्फ्थॅलिन या दर्शकाचा गुलाबी रंग येतो आणि मिनिटभरात जातो. मग पुन्हा थेंब टाकावे लागतात. दर वेळी वाचनही वेगळं येतं. काय चुकतं?

उत्तर : रंग गेला म्हणून पुन्हा थेंब टाकता, तिथेच वाचन बिघडतं. अंत्यबिंदूला, म्हणजे आम्ल नुकतंच संपून रंग येतो तेव्हा, पात्रात सोडियम हायड्रॉक्साइड जेमतेम थेंबभर जास्त असतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून ते संपवतो, सामू (pH) साधारण 8.2च्या खाली येतो आणि रंग उडतो. पात्र हलवल्यावर फिकट छटा 30 सेकंद टिकली की थांबा. गडद गुलाबी झालं, तर ते वाचन धरूच नका.

वाचनं जुळत नसतील तर आधी विसळणं तपासा. ब्युरेट (थेंब सोडायची तोटीची मोजनळी) आणि पिपेट (ठरावीक द्रव उचलायची नळी) त्यांत भरायच्या द्रावणानेच विसळायची. शंकुपात्र मात्र निव्वळ शुद्ध पाण्याने, कारण आम्लाने विसळलं तर आत चिकटलेलं आम्ल पिपेटने मोजलेल्या 10 मिलीत भर घालतं. पाणी राहिलं तर बिघडत नाही. आम्लाचे मोल, म्हणजे रेणूंची संख्या, तेवढेच राहतात. ब्युरेटवरचं नरसाळं काढून ठेवा, तोटीखालचा हवेचा बुडबुडा सुरुवातीलाच घालवा. दर्शक दोनच थेंब. लागोपाठची वाचनं 0.1 मिलीच्या आत यायला हवीत.

आणखी एक. सोडियम हायड्रॉक्साइड 4 ग्रॅम तोलून लिटरभर द्रावण केलं, तरी ते नेमकं 0.1 मोलर (लिटरमागे 0.1 मोल) नसतं. तोलता तोलताच ते ओलावा शोषतं. ऑक्झॅलिक आम्लाचे स्फटिक मात्र नीट तोलता येतात : रेणुवस्तुमान स्फटिकजलासह 126, म्हणून 250 मिली द्रावणात 1.575 ग्रॅम म्हणजे 0.05 मोलर. त्याच्या एका रेणूला सोडियम हायड्रॉक्साइडचे दोन लागतात. 10 मिली आम्लाला 10.4 मिली लागलं, तर तुमचं द्रावण 0.096 मोलर. इथे मिथिल ऑरेंज वापरू नका. त्याचा रंग 3.1 ते 4.4 सामूलाच बदलतो, अंत्यबिंदूच्या बराच आधी.

प्रश्न : आम्ल आणि आम्लारी मिळून क्षार होतो, तर क्षाराचं द्रावण उदासीन का नसतं?

उत्तर : दोन्ही तीव्र असतील तर असतं, जसं सोडियम क्लोराइडचं. सोडियम कार्बोनेटमधला कार्बोनेट आयन पाण्याकडून हायड्रोजन आयन घेतो, हायड्रॉक्साइड मागे उरतो, 0.1 मोलर द्रावणाचा सामू 11.6च्या आसपास जातो. अमोनियम क्लोराइडमध्ये उलट घडतं, सामू सुमारे 5.1. लाल लिटमस कार्बोनेटमध्ये निळा होतो, निळा लिटमस अमोनियम क्लोराइडमध्ये हळूहळू लालसर. दोन्ही कागद लावून पाहा. एकाच कागदावरून निष्कर्ष काढला तर निम्मी माहिती हुकते.

प्रश्न : संहत सल्फ्युरिक आम्ल विरल करताना पाणी आम्लात का ओतायचं नाही?

उत्तर : पाणी हलकं, ते आम्लावर तरंगतं. मिसळताना निघालेल्या उष्णतेने तो थर तिथेच उकळतो आणि आम्लासकट उडतो. आम्लच पाण्यात, बारीक धारेने, ढवळत ओता, चष्मा लावूनच.