प्रश्न तुमचे: लॅपटॉपवर 42, रास्पबेरी पायवर 42, तरी गाडी हलेना

प्रश्न (इंजिनिअरिंग शेवटचं वर्ष, सांगली): सर, लॅबमध्ये आमच्या चार टीम, सगळ्यांचे रोबो रॉस टू वर (रोबोचे प्रोग्राम एकमेकांशी जोडणारं सॉफ्टवेअर) आणि वायफाय एकच. आम्ही कीबोर्डवरून गाडी चालवली की शेजारच्यांची पण पळायची. सीनियर म्हणाला आरओएस_डोमेन_आयडी (रॉस टू चा गट ठरवणारा आकडा) बदला, म्हणून लॅपटॉपवर 42 केला, गाडीवरच्या रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर एसएसएच करून (लॅपटॉपवरून लॉगिन करून) बॅशआरसीत, म्हणजे टर्मिनल उघडताना वाचल्या जाणाऱ्या फाइलमध्ये पण टाकला, दोन्हीकडे एको कमांडने छापला की 42 दिसतो. पण आता आमचीच गाडी हलत नाही आणि एरर पण काही नाही. पाय चालू झाला की प्रोग्राम सिस्टमडीच्या (लिनक्सवर प्रोग्राम सुरू करणारी यंत्रणा) सर्व्हिसमधून आपोआप सुरू होतो.

उत्तर: शेजारची गाडी पळत होती तो बिघाड नव्हता बरं का, ते तसंच चालायला हवं. जुन्या रॉसमध्ये एक मास्टर असायचा, त्याचा पत्ता दिल्याशिवाय नोड (रॉसमधले प्रोग्राम) एकमेकांना सापडायचे नाहीत. रॉस टू मध्ये मास्टर काढला आणि खाली डीडीएस (निरोप पोचवणारी लायब्ररी) बसवलं, ते मल्टिकास्टवर, म्हणजे नेटवर्कवर एकदम अनेकांना हाका मारत बसतं की इथे कोण कोण आहे, आणि ज्याचा डोमेन आयडी तोच असेल तो ओ देतो. काही सेट नसेल तर आयडी शून्य, म्हणजे तुम्ही चारही टीम शून्यावर, त्यात टॉपिकचं (निरोप ज्यावरून जातात त्या चॅनेलचं) नाव पण सगळ्यांचं तेच, मग दुसरं काय होणार.

आता आयडी म्हणजे नुसतं पोर्टचं (नेटवर्कवरच्या दाराच्या नंबरचं) गणित आहे, 7400 अधिक 250 गुणिले आयडी. शून्याला 7400, तुमच्या 42 ला 17900. तुमचा लॅपटॉप 17900 वर हाका मारतोय आणि पायवरचा प्रोग्राम अजून 7400 वरच कान लावून बसलाय. एरर येत नाही कारण लायब्ररीच्या लेखी 'सध्या कोणी नाही' ही चूकच नाही, कोणी नंतर पण येऊ शकतो ना.

पण पायवर तर 42 दिसतोय! दिसतोय तो तुमच्या एसएसएचच्या शेलमध्ये (टर्मिनलमध्ये). हा आयडी एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल आहे, आणि तो मशीनचा नसतो, प्रोसेसचा असतो, सुरू होताना ज्याने सुरू केलं त्याच्याकडून मिळालेली कॉपी. सिस्टमडी तुमची बॅशआरसी वाचतच नाही, त्यामुळे सर्व्हिसला 42 कधी मिळालाच नाही. एको करून खात्री करू नका, प्रोसेसचा पीआयडी (नंबर) शोधा आणि प्रॉक फोल्डरमध्ये त्या नंबरच्या फोल्डरमधली एन्व्हायरॉन फाइल वाचा, प्रोग्राम काय घेऊन उठलाय ते तिथे कळतं.

उपाय सोपा आहे, सर्व्हिस फाइलमध्ये एन्व्हायरन्मेंट अशी ओळ टाकून आयडी द्या, मग डीमन-रीलोड (सिस्टमडीला फाइल परत वाचायला लावणं) आणि रीस्टार्ट. मी तर म्हणेन सगळी व्हेरिएबल एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि सर्व्हिसला एन्व्हायरन्मेंटफाइल म्हणून तीच दाखवा, फक्त त्या फाइलमध्ये एक्स्पोर्ट शब्द लिहायचा नाही. हाच घोळ सुडोने (अ‍ॅडमिन म्हणून कमांड चालवताना) पण होतो, तो बहुतेक व्हेरिएबल गाळून टाकतो, आणि डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या डब्यात चालवणारं सॉफ्टवेअर) तर तुम्ही हाताने दिल्याशिवाय आत काहीच जात नाही. आधीपासून उघडी असलेली टर्मिनल पण जुनंच धरून बसतात.

चार टीमनी चार आकडे वाटून घ्या, 0 ते 101 मधले. त्याच्या वर गेलात तर पोर्ट 32768 च्या पुढे जातात आणि तिथून लिनक्स स्वतःच्या तात्पुरत्या कनेक्शनना पोर्ट वाटत असतो, मग कधी चालतं कधी नाही. आणि हे कुलूप नाही हं, शेजारच्याने 42 टाकला की तो परत तुमच्या गाडीत.

प्रश्न (पुणे): लॅपटॉपवर डॉकर टाकल्यापासून दोन मशीन एकमेकांना दिसत नाहीत. सायक्लोनडीडीएस_यूआरआय मध्ये (सायक्लोन या डीडीएसची सेटिंग जिथून वाचली जाते) एक्सएमएल फाइल दिली तरी फरक शून्य.

उत्तर: आधी आरएमडब्ल्यू_इम्प्लिमेंटेशन (कुठलं डीडीएस वापरायचं ते सांगणारं व्हेरिएबल) बघा. रॉस टू च्या हंबल आणि जॅझी या आवृत्त्यांमध्ये डिफॉल्ट फास्ट डीडीएस आहे, त्यामुळे ते सायक्लोनवर नेलं नसेल तर तुमची फाइल कोणी उघडलेलीच नाही. खरंच उघडतं का ते बघायला एक्सएमएलमध्ये मुद्दाम एखादा टॅग बिघडवा, सायक्लोन असेल तर नोड सुरूच होणार नाही, आणि आरामात सुरू झाला तर समजा फाइल वाचली जात नाहीये. डॉकरमुळे मशीनवर एक जास्तीचा नेटवर्क इंटरफेस येतो आणि सायक्लोन बरोबरीच्या इंटरफेसमधून कुठलाही एक उचलतो, म्हणून फाइलमध्ये वायफायच्या इंटरफेसचं नाव स्पष्ट लिहा. बदल केल्यावर रॉस टू चा डीमन (मागे चालू राहणारा मदतनीस प्रोग्राम) एकदा थांबवा, नाहीतर टॉपिक लिस्ट ही कमांड जुन्याच सेटिंगवर उत्तर देत राहील.

प्रश्न (नाशिक): जॅझीवर आरओएस_लोकलहोस्ट_ओन्ली (रॉस फक्त त्याच मशीनपुरतं ठेवणारी सेटिंग) वापरू का?

उत्तर: नको. 2023 च्या आयर्न आवृत्तीपासून त्याजागी आरओएस_ऑटोमॅटिक_डिस्कव्हरी_रेंज आहे, त्यात लोकलहोस्ट लिहा. जुनं बॅशआरसीतून काढायला मात्र विसरू नका, ते 1 असेल तर नवीनकडे बघितलंच जात नाही.