आधी तुमच्या घराचा आकडा काढा, किट नंतर

ताई, तुम्ही लिहिलंय की जूनमध्ये सांगलीत कर्नाळ रोडच्या बाजूला तळमजल्यावर राहायला आलात. घरी सत्तरीच्या सासूबाई, त्यांना शुगर, दोन लहान मुलं, आणि मिस्टर आठवड्यातले चार दिवस फिरतीवर. पाच हजारांत पुरासाठी कुठलं तयार किट मागवावं, असा तुमचा प्रश्न आहे. मी याच भागात पंचवीस वर्षं राहते आणि २००५, २०१९ आणि २०२१ चे तिन्ही मोठे पूर इथंच बघितले, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तयार किट मागवू नका. पहिल्या कामाला पैसा लागतच नाही.

आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी फुटांत मोजतात. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. पावसाळ्यात हा आकडा दर काही तासांनी मोबाईलवर फिरत असतो आणि सगळे तो बघत बसतात. पण तो पुलाजवळचा आकडा झाला. तुम्हाला तुमचे दोन आकडे हवेत: पुलाजवळ किती फूट झाल्यावर तुमच्या गल्लीच्या तोंडाशी पाणी येतं, आणि किती फुटांना उंबऱ्याला लागतं. यातला पहिला जास्त महत्त्वाचा. घर कोरडं असलं तरी रस्ता बुडाला की तुम्ही अडकलात.

हे आकडे शेजारीपाजारी मिळतात. समोरच्या किराणावाल्याला, गल्लीतल्या एखाद्या जुन्या आजींना विचारा, "एकोणीसला पाणी कुठवर होतं?" लोक भिंतीला हात लावून दाखवतात. पाच ते एकवीस, प्रत्येक पुराचं विचारा, तीन-चार घरी विचारा आणि जुळवून बघा. वॉर्ड ऑफिसातही चौकशी करा. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर या बाजूला पाणी लवकर शिरतं. तिथं लोकांची हलवाहलव सुरू झाली की तुमच्याकडे किती वेळ उरतो, तेही विचारून ठेवा.

आमची चूक इथंच झाली होती. २००५ ला पातळी ५३ फुटांच्या वर गेली होती, तेव्हा आमच्या घरात गुडघाभर पाणी आलं. बाबांच्या डोक्यात ती खूण पक्की बसलेली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी चढायला लागलं तेव्हा आम्ही त्याच हिशेबानं गहू-तांदूळ ओट्यावर ठेवले, गाद्या पलंगावर रचल्या, फ्रिजखाली विटा घातल्या आणि वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे जाऊन बसलो. बाबा म्हणत होते, याच्या वर येत नाही. पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. ओटा, पलंग, फ्रिज, आईचं शिलाई मशीन, सगळं बुडालं. आम्ही सात माणसं तीन दिवस वर अडकलो होतो. दुसऱ्या दिवशी बाबांच्या बीपीच्या गोळ्या संपल्या आणि तिसऱ्या दिवशी बोट आली, तेव्हा ते उतरायला तयार होईनात. त्या दिवसाची आठवण आजही नको वाटते. गल्लीतल्या कितीतरी घरांनी असाच पाच सालचा हिशेब धरला होता. म्हणून मागच्या सगळ्यात मोठ्या पुरावर आणखी चार फूट धरा. तळमजल्यावर तेवढी उंची मिळणार नाहीच, तेव्हा सामान वर चढवण्यात दिवस घालवू नका, माणसं वेळेत बाहेर काढा.

त्यासाठी निघायचा आकडा आत्ताच ठरवा. गल्लीच्या तोंडाशी ४६ ला पाणी येत असेल, तर तुमचा निघायचा आकडा ४२-४३ असू द्या. रात्री पाणी वाढणार असं दिसत असेल तर आकड्याची वाट न बघता उजेडात निघा. तो आकडा मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावा आणि सासूबाईंना कारण समजावून सांगा. पाणी दारात आल्यावर म्हातारं माणूस घर सोडत नाही, आणि मिस्टर बाहेरगावी असताना ती समजूत तुम्हाला एकटीला काढावी लागेल. आज त्यांनी "बरं" म्हटलेलं असलं की त्या दिवशी नुसती आठवण करून द्यायची. कुठं जायचं तेही ठरवा. विश्रामबाग, कुपवाड, मिरजेच्या उंच भागात कुणी नातेवाईक असतील तर आजच फोन करून विचारा, "पाणी आलं तर आठ दिवस आम्ही येऊ का?" दुसरं एक घरही हाताशी ठेवा. गाडी आदल्या दिवशीच तिकडे नेऊन लावा.

आपल्याला निदान वेळ मिळतो. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी काही तासांत बाजारपेठेत शिरलं, लोकांना कागद उचलायलाही सवड मिळाली नाही. कृष्णा तशी चढत नाही. कोयना धरण १०५ टीएमसीचं (म्हणजे १०५ अब्ज घनफूट पाण्याचं), त्यातून आणि वारणेवरच्या चांदोली धरणातून किती विसर्ग चालू आहे, हे रोज कळतं, आणि ते पाणी इथं पोचायला वेळ लागतो. वारणा हरिपूरला येऊन मिळते, ती तुंबली की आपल्याकडचं पाणी ओसरत नाही. त्यामुळे पुलाच्या आकड्याबरोबर विसर्गही बघत चला. पुष्य आणि आश्लेषा ही दोन नक्षत्रं, म्हणजे साधारण २० जुलै ते १६ ऑगस्ट, मी बॅगा भरूनच ठेवते.

आता बॅग. प्रत्येकाची एक जुनी शाळेची सॅक पुरते. सासूबाईंच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या, सोबत डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत. इन्सुलिन घेत असतील तर लाईट गेल्यावर ते कसं टिकवायचं, हे डॉक्टरांना आधीच विचारा. ओल्या मातीच्या मडक्यात ते गार राहतं, बर्फाला मात्र चिकटू देऊ नका. आधार, रेशनकार्ड, भाडेकरार, पासबुक, मुलांचे दाखले प्लास्टिकच्या बंद पिशवीत, आणि सगळ्यांचे फोटो काढून मिस्टरांच्या फोनवर पाठवलेले. सुट्या नोटा ठेवा, कारण लाईट आणि रेंज गेली की फोनवरून पैसे देता येत नाहीत. टॉर्च, पॉवर बँक, ओआरएसची पाकिटं, सॅनिटरी पॅड, मुलांचे कोरडे कपडे, गूळ-शेंगदाणे, चुरमुरे, भडंग. ११२, १०८ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हे नंबर कागदावर लिहून प्रत्येक सॅकमध्ये घाला.

पाण्याचं नीट वाचा. २०१९ ला चारी बाजूंनी पाणी होतं आणि नळाला थेंब नव्हता. पुण्या-बेंगळुरूचा महामार्ग शिरोलीजवळ बंद, त्यामुळे बाहेरून माल येणंही अवघड. पिण्या-स्वयंपाकाला माणशी रोज चार लिटर धरलं तर तुम्हा पाच जणांना तीन दिवसांचे ६० लिटर होतात. झाकणाचे कॅन घ्या, पाच हजारांतला पहिला खर्च हाच. पूर ओसरल्यावरही बरेच दिवस पाणी उकळूनच प्या. मेडिक्लोर (पाणी शुद्ध करायचं औषध) वापरलंत तर बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणातच.

निघताना मेन स्विच बंद करा, तोही पाय कोरडे असतानाच. गॅसचा रेग्युलेटर काढा आणि सिलिंडर खिडकीच्या गजाला दोरीनं बांधा, कारण तो पाण्यावर तरंगतो आणि वाहून जातो. इन्व्हर्टरची बॅटरी खाली असेल तर वायरमनकडून आत्ताच वर बसवून घ्या. परत आल्यावर वायरमननं तपासल्याशिवाय मेन चालू करायचा नाही. चिखल काढायच्या आधी भिंतीवरच्या रेघेचे आणि खराब झालेल्या प्रत्येक वस्तूचे फोटो काढा, पंचनाम्याला लागतात. चिखलात गमबूट घालूनच उतरा, कपाटामागे साप असतो. पायाला जखम असेल तर लेप्टोसाठी, म्हणजे घाण पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिससाठी, डॉक्टरांना दाखवा.

मिस्टर रविवारी घरी असतील तर दोघं मिळून गल्लीत फिरा आणि तुमचे आकडे मिळाले की इथं लिहा, मी आमच्याकडच्या खुणांशी ताडून सांगते. सासूबाईंच्या गोळ्यांची यादी मात्र रविवारपर्यंत थांबवू नका, ती आज रात्रीच करा.