आधी पासबुक माग

अगं पोरी,

परवा फोनवर रडवेली झालेलीस, युनियनच्या साहेबांनी कामगारांसाठी एवढं केलं, आता युनियनच्या फंडाचं कसं विचारू, वाईट दिसेल. तेव्हापासून डोक्यात ग्रेनाडाचा एरिक गेअरी फिरतोय. ग्रेनाडा म्हणजे कॅरिबियनमधलं छोटं बेट, तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यातलं.

अरुबा बेटावर तेलाच्या रिफायनरीत होता तो, परत येऊन १९५० ला युनियन काढली, मळ्यातल्या मजुरांना कुत्रं विचारत नव्हतं तेव्हा. १९५१ चा संप एवढा पेटला की इमारती जळाल्या, लोकांनी त्याला नावच ‘लाल आभाळ’ पाडलं. त्याच वर्षी सगळ्यांना पहिल्यांदा मत मिळालं आणि ८ पैकी ६ जागा याच्या. अंकल गेअरी म्हणायचे त्याला. आपण ‘साहेब’ म्हणतो तसंच की.

पुढे तो बेटाचा मुख्यमंत्री झाला, पण १९६२ ला ब्रिटिशांनी चौकशी लावली, सरकारी पैसा उधळला म्हणून खुर्ची काढली. आता गोऱ्याने आपल्या माणसाला उधळ्या म्हटलं की डोकं फिरणारच, माझंही फिरलं असतं. गोऱ्याचा डाव असेलही! पण आपल्या माणसाची वही आपणच का नाही मागायची? हिशोब माग गं, आधी हिशोब माग. १९६७ ला लोकांनी त्याला परत बसवला.

मग मुंगूस गँग आली, त्याचे गुंड. स्वातंत्र्याला १७ दिवस होते, २१ जानेवारी १९७४, पोलीस बंदर कामगारांच्या युनियन ऑफिसवर चालून गेले, आत बायापोरं, दारात रुपर्ट बिशप उभे राहिले आणि गोळीने गेले. युनियन काढून मोठा झालेल्याचे पोलीस, युनियनच्याच दारात. नंतर हा युनोत उडत्या तबकड्यांवर भाषणं देत बसला. १३ मार्च १९७९ ला हा अमेरिकेत असताना रुपर्टच्याच पोराने, मॉरिसने, सत्ता घेतली. ८४ ला गेअरी परत आला, सत्ता काही परत आली नाही.

तू म्हणशील काका, तुम्ही कुठे मागितलात? नाही मागितला. कोऱ्या व्हाउचरवर मी दोनदा सही केलीय. संप चालू होता, लोकांच्या घरात पीठ नव्हतं, तेव्हा विचारलं असतं तर फूट पडली असती, आणि मी एकटा काय करणार होतो? तीस वर्षं हेच सांगतोय स्वतःला, तुझ्या तोंडून नको ऐकायला.

उपकार आहेत, मान्य. पाया पड साहेबांच्या, उठलीस की पासबुक माग. सोमवारी मीटिंग ना? रविवारी घरी ये, अर्ज माझ्यासमोर लिही. काळं पेन आण, निळं झेरॉक्सला नीट उमटत नाही.