दहा वर्षांच्या मुलाला डॉक्टर डिप्रेशन म्हणतात. एवढ्याशा मेंदूत खरंच काही बिघडतं, की हा लाडांचा परिणाम?

'लाडांचा परिणाम' वाचलं आणि कणीक अर्धवट मळलेली सोडून लिहायला बसले.

बिघडतं. फक्त मुलं बरेचदा उदास बसण्याऐवजी चिडचिड करतात. माझ्या अकरा वर्षांच्या लेकाचं रोज सकाळी पोट दुखायचं, सोनोग्राफीत काही नाही. बॅट माळ्यावर गेली. जाऊबाईंचा उपाय ठरलेला : "दोन ठेवून द्या, सुतासारखा सरळ येईल."

डॉक्टरांनी थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ बघून घेतलं आणि विचारलं, घरात कुणाला मानसिक आजार? मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "आमच्याकडे असलं काही नाही हो."

फ्लुओक्सेटिन ही डिप्रेशनची गोळी सुरू झाली. तिसऱ्या आठवड्यात पोरगं रात्री दोन वाजता कपाट आवरतंय, तोंडाचा पट्टा सुरू, झोप जेमतेम तीन तास आणि सकाळी टवटवीत! तेव्हा कुठे नवऱ्याने तोंड उघडलं. 'हिमालयात गेलेले' त्याचे सख्खे काका आयुष्यभर लिथियमवर होते. बायपोलर, म्हणजे मन कधी उदासीच्या तर कधी अति उत्साहाच्या टोकाला नेणारा आजार. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला आणि औषध बदललं.

मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायन कमी पडतं, हे फार सोपं करून सांगितलेलं उत्तर आहे. जुळ्यांच्या अभ्यासांत डिप्रेशनमध्ये आनुवंशिकतेचा वाटा साधारण ३५ ते ४० टक्के निघतो, बायपोलरमध्ये ६० च्या वर. पण दोषी असं एक जनुक नाही, शेकडो जनुकांचा थोडा थोडा हात असतो. त्यामुळे निदान करणारी रक्ताची चाचणी नाही, स्कॅनमध्येही दिसत नाही. डॉक्टरच्या हाती उरते घराण्याची माहिती, आणि नेमकी तीच आपण लपवतो. बायपोलरचा कल असलेल्याला नुसतं डिप्रेशनचं औषध दिलं तर मन उलट्या टोकाला जाऊ शकतं.

लग्नाआधी आमची पत्रिका तीन ठिकाणी दाखवली होती. नाडी, गण, मंगळ, सगळं. काकांबद्दल एक अक्षर नाही. सासूबाई आजही म्हणतात, "ते वेगळं होतं." तुम्ही मात्र दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना एकेकटं गाठून विचारा.

हां, काका-मामाला असलं म्हणजे मुलाला होतंच असं नाही, बहुतेकांना होत नाही. असा अति उत्साह कधी गोळीचा नुसता दुष्परिणामही असते. गोळी वाईट नाही, अमेरिकेत ती २००३ पासून आठ वर्षांपुढच्या मुलांसाठी मान्य आहे. पहिले काही आठवडे डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा, मरणाच्या गोष्टी करू लागला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि मनाने औषध बंद करू नका.