दिवे लागतात, पण गेम सुरू होत नाही: जुनं पिनबॉल कुठून तपासायला घ्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नेरुळला घरी १९७०च्या दशकातलं चार खेळाडूंचं अमेरिकन पिनबॉल आणलंय. २३०चे ११० व्होल्ट करणाऱ्या प्रवासी कन्व्हर्टरवर ते जोडलंय. काचेमागचे दिवे लागतात, पण स्टार्टचं बटण दाबलं की काहीच होत नाही. ओळखीच्या एकाने सुचवलंय की आतल्या सगळ्या कॉन्टॅक्टवर डब्ल्यूडी-४० हा तेलकट स्प्रे मारा आणि पत्त्या, म्हणजे ज्यांवर कॉन्टॅक्ट बसवलेले असतात त्या लवचीक धातूच्या पट्ट्या, जरा दाबून घ्या. ते करावं का?

नका करू. दोन्ही नका करू. तेलकट स्प्रेवर धूळ बसते, काही महिन्यांत त्याचा चिकट थर होतो, आणि या यंत्रात कॉन्टॅक्ट उघडताना ठिणगी पडते, तिच्याजवळ ज्वलनशील स्प्रे नको. पत्त्यांचं तर त्याहून वाईट. अशा यंत्रात शेकडो पत्त्या असतात आणि प्रत्येकीचं अंतर कोणीतरी हाताने लावलेलं असतं. आज कदाचित एकच बिघाड असेल. सरसकट पत्त्या दाबल्यात तर उद्या चाळीस होतील, आणि मूळचा कुठला ते कोणालाच सांगता येणार नाही.

मी टेलिफोन खात्यात होतो, नोकरीची बरीच वर्षं स्ट्रोजर एक्स्चेंजमध्ये गेली. तुम्ही डायल फिरवला की तिकडे आकडा जितका तितक्या पायऱ्या चढणारे ते सिलेक्टर. ठाण्यात पाचपाखाडीला एका स्नेह्यांच्या घरी पहिल्यांदा पिनबॉलचा तळ उघडून पाहिला तेव्हा मला जुना सहकारी भेटल्यासारखं झालं. तेच रिले (विजेच्या चुंबकाने ओढले जाणारे स्विच), त्याच पत्त्या, तसेच पायरी-पायरीने सरकणारे स्टेपर. फरक एवढाच की आमचं एक्स्चेंज बॅटरीवर, डीसीवर चालायचं आणि इथले रिले बहुतेक एसीवर चालतात, म्हणून ते ओढले गेले की गुणगुणतात. ही गुणगुण लक्षात ठेवा, ती पुढे उपयोगी पडणार आहे.

या यंत्रात एकही चिप नाही. कितवा बॉल चालू आहे, पाळी कोणाची, स्कोअर किती, हे सगळं चाकं आणि रिले धरून ठेवतात. म्हणजे यंत्र कुठल्या अवस्थेत अडलंय ते डोळ्यांना दिसतं. आजच्या बहुतेक उपकरणांत ही सोय नाही. म्हणून आधी पाहायचं आणि ऐकायचं, हात नंतर लावायचा.

सुरुवात कन्व्हर्टरपासून. प्रवासात शेव्हर वगैरेसाठी मिळणारा हलका, इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर असेल तर आजच काढा. त्यातून नीट एसी लहर निघत नाही, आणि कॉईल-ट्रान्सफॉर्मरच्या यंत्राला ती चालत नाही. लोखंडी गाभ्याचा, डबल वाइंडिंगचा स्टेप-डाउन घ्या, ५०० व्हीएचा पुरेसा होतो. लॅमिंग्टन रोडवर मिळेल, नाहीतर रबाळे-तुर्भ्याच्या एमआयडीसीत किंवा इकडे वागळे इस्टेटमध्ये एखाद्या वाइंडिंगवाल्याकडून बांधून घ्या. ऑटो ट्रान्सफॉर्मर स्वस्त पडतो, पण त्यात घरची लाइन यंत्रापासून अलग होत नाही. शिवाय त्या काळातल्या बऱ्याच यंत्रांना दोनच तारांची वायर असते, अर्थिंग नसतं. तीन तारांची वायर बसवून हिरवी तार ट्रान्सफॉर्मरच्या चौकटीला आणि नाण्याच्या लोखंडी दाराला जोडून घ्या. घरात मुलं असतील तर हे गेम चालू होण्याच्या आधीचं काम समजा.

अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५०. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही. त्यामुळे आतली मोटर थोडी सावकाश फिरेल आणि यंत्राचा स्वतःचा ट्रान्सफॉर्मर जरा जास्त कोमट होईल. तो बिघाड नव्हे.

आता मूळ लक्षणाकडे. दिवे लागतात यावरून फक्त एवढंच कळतं की वीज आत येतेय, मुख्य फ्यूज शाबूत आहे आणि ट्रान्सफॉर्मरची सहा व्होल्टची वाइंडिंग चालू आहे. रिले आणि बॉल उडवणाऱ्या, चाकं ढकलणाऱ्या कॉईल वेगळ्या वाइंडिंगवर असतात. ती काही यंत्रांत २५-३० व्होल्टची, काहींत ५०ची, आणि तिचा फ्यूजही वेगळा. तो फ्यूज काढून मल्टिमीटरने पाहिलात आणि बीप आला तरी समाधान मानू नका. पाचपाखाडीच्या यंत्रात माझे दोन रविवार इथेच गेले. फ्यूज चांगला होता, पण त्याची क्लिप काळी पडून ढिली झाली होती. हातात घेतला की बीप, जागेवर बसवला की बंद. म्हणून मीटर एसीवर ठेवून, यंत्र चालू असताना, एक टोक कॉईलच्या सामाईक परतीच्या तारेवर आणि दुसरं आधी फ्यूजच्या अलीकडे, मग पलीकडे लावा. दोन्हीकडे सारखे व्होल्ट दिसायला हवेत. आणि फ्यूजच्या जागी कोणी चांदीचा कागद किंवा तार गुंडाळलेली दिसली तर काढून योग्य अँपिअरचा फ्यूज घाला. किती अँपिअरचा ते बहुतेकदा जवळच्या कागदी लेबलवर छापलेलं असतं.

कॉईलचा पुरवठा ठीक असेल, तर पुढे जे पाहायला सांगतोय ते कदाचित तुमचं उत्तरच असेल: समोरच्या काचेवरच्या छोट्या खिडकीत क्रेडिटचा आकडा किती दिसतोय? तुम्ही ते लिहिलेलं नाही. आकडा शून्य असेल तर स्टार्टचं बटण दाबून काहीही होणार नाही, आणि ते बरोबरच आहे. नाणं टाकल्याशिवाय खेळ नाही, एवढाच त्याचा अर्थ. क्रेडिट युनिटवर एक पत्ती असते, ती शून्यावर उघडी राहते आणि स्टार्टचा रस्ता तोडते. नाण्याचं दार उघडा, नाणं ज्या बारीक तारेला ढकलत जातं ती तार लाकडी काडीने हलकेच दाबा. खट् आवाज होऊन क्रेडिट वाढलं किंवा थेट गेमच सुरू झाला तर प्रश्न मिटला. काहीच झालं नाही तर यंत्राची पिन भिंतीच्या सॉकेटमधून काढा, मागची पेटी उघडा, आणि क्रेडिटचं चाक हाताने दोन-तीन दाते पुढे सरकवा. ते जड लागलं तर जुनं ग्रीस सुकून गोंद झालंय असं समजा. असं युनिट सोडवून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावं लागतं. चाक सरकलं, आकडा दिसतोय, पण शून्याची ती पत्ती अजूनही मिटत नाही, असंही बऱ्याचदा आढळतं.

क्रेडिट आहे आणि तरी शांतता, तर मग साखळी समजून घ्यावी लागेल. बटण दाबलं की स्टार्ट रिले ओढला जातो. तो स्कोअर मोटर फिरवतो. मोटरच्या दांड्यावरच्या कॅम एकामागून एक पत्त्या उघडतात-मिटतात आणि स्कोअरच्या प्रत्येक रिळाला, म्हणजे आकड्यांच्या चाकाला, एकेक धक्का देत शून्यावर आणतात. ९ धक्क्यांपर्यंत लागू शकतात, म्हणून मोटर थोडा वेळ फिरत राहते. बॉल मोजणारं युनिट परत मागे येतं, गेम-ओव्हर रिले सुटतो, आणि शेवटी आउटहोलमधला (निसटलेला बॉल खाली जिथे येऊन पडतो त्या खळग्यातला) बॉल उडून शूटरच्या गल्लीत, म्हणजे जिथून तो खेळात मारतात तिथे, येतो. तुमचं यंत्र गॉटलीबचं, विल्यम्सचं की बॅलीचं, त्यावर नावं आणि बारकावे बदलतील, पण तिन्ही शिकागोचेच आणि क्रम साधारण असाच.

ही साखळी कुठे तुटली ते शोधायला मधूनच हात घालायचा. तळाशी रिलेंना कागदी लेबलं असतात, त्यांत स्टार्टचा रिले शोधा. यंत्र चालू ठेवून आईस्क्रीमच्या लाकडी काडीने त्याची पट्टी आत दाबा. बोटाने नाही, आणि दुसरा हात खिशात. ट्रान्सफॉर्मर आणि मेन स्विचच्या आसपास ११० व्होल्ट उघडे असतात, तिकडे काडीसुद्धा नेऊ नका. रिले दाबल्यावर मोटर फिरून रिळं शून्याकडे निघाली, तर रिलेच्या पुढचं बरंचसं ठीक आहे आणि दोष अलीकडे, म्हणजे बटण, क्रेडिटची पत्ती, दाराची पत्ती किंवा रिलेची स्वतःची कॉईल यांत. मोटर हललीच नाही, तर दोष पलीकडे. एका काडीने निम्मं यंत्र संशयातून मोकळं होतं. मोटर फिरायला लागली आणि थांबतच नाही, तर बहुधा एखादं रीळ शून्यावर येऊनही तिथली पत्ती ते सांगत नाही. मागे जाऊन बघा, अडकलेलं रीळ दिसेलच.

दाराच्या पत्तीबद्दल एक शब्द. दाराला कोणी लाथ मारली तर खेळ बंद पडावा म्हणून आतल्या बाजूला वजन लावलेली एक पत्ती असते. वाहतुकीत ती हमखास वाकते, आणि काही यंत्रांत ती चुकीच्या जागी असली की सगळंच मुकं होतं. तसंच तळाच्या आणि मागच्या पेटीच्या मधले मोठे चौकोनी जोन्स प्लग. नेरुळला खाडीची हवा आणि चार महिने पाऊस, त्यांच्या पिना काळ्या पडलेल्याच असणार. यंत्राची मेनची पिन काढून ठेवून यातला प्रत्येक प्लग चार-पाच वेळा उपसून पुन्हा बसवा. नुसत्या एवढ्याने यंत्र जागं झालेलं मी पाहिलंय.

साफसफाई करायचीच तर संशय ज्या कॉन्टॅक्टवर आहे त्याचीच. जाड पोस्टकार्डाची पट्टी अल्कोहोलमध्ये ओली करून मिटलेल्या कॉन्टॅक्टमधून हलकेच ओढा, पट्टी काळी निघेल. पॉलिश पेपर नको, त्याचे कण चांदीत रुततात. पत्ती नीट आहे की नाही हे असं ओळखा: मिटताना एक पत्ती दुसरीला टेकल्यावर दोघी मिळून किंचित पुढे सरकल्या पाहिजेत. त्या घासण्यातच कॉन्टॅक्ट स्वतःला स्वच्छ ठेवतो. नुसता टेकून थांबत असेल, तर ती पत्ती जरा वाकवायची, बुंध्याजवळून, टोकाकडून कधीच नाही.

आणि बॉल. विकणाऱ्याने दिलाय ना? तो २७ मिलिमीटरचा, साधारण ८० ग्रॅमचा पोलादी गोळा असतो. आउटहोलमध्ये तो नसेल तर काही यंत्रं रीसेट होऊनही पुढे सरकत नाहीत. बेअरिंगच्या दुकानातला लहान गोळा घातला तर तिथली पत्ती दबेलच असं नाही.

आत कुठेतरी घडी घातलेला मोठा सर्किटचा कागद असेल तर तो उघडून उन्हात नव्हे, पंख्याखाली सुकवा आणि त्याचे फोटो काढून ठेवा. नसेल तर इंटरनेट पिनबॉल डेटाबेसवर यंत्राच्या नावाने शोधा. कागदाच्या कोपऱ्यात एक टीप असते की पत्त्या यंत्राच्या कुठल्या अवस्थेत काढल्या आहेत. ती आधी वाचा, नाहीतर उघडी पत्ती मिटलेली वाटेल.

आता मला तीन गोष्टी लिहून कळवा: क्रेडिटच्या खिडकीतला आकडा, यंत्र चालू केल्यावर एखादा रिले सतत गुणगुणतो का, आणि काडीने स्टार्ट रिले दाबल्यावर मोटर फिरली की नाही. कन्व्हर्टर मात्र बदलल्यानंतरच काडी हातात घ्या.