नवीन रुग्णालये उभारण्यावर सरकारने मर्यादा घातल्यास उपचारांचा खर्च कमी होतो का?

अमेरिकेचा अनुभव पाहता, बहुधा नाही. नवे रुग्णालय बांधण्यापूर्वी त्याची गरज सरकारला पटवून देण्याची अट न्यूयॉर्क राज्याने १९६४ मध्ये घातली आणि १९७४ च्या संघीय कायद्यामुळे ती जवळजवळ देशभर पसरली. त्या काळी रुग्णालयाला झालेल्या खर्चाची भरपाई मिळत असल्याने रिकाम्या खाटांचा भार अखेर विमाधारकांवर पडेल, ही भीती अनाठायी नव्हती. मात्र १९८३ पासून मेडिकेअर ही मुख्यतः ज्येष्ठांसाठीची सरकारी आरोग्य विमा योजना रुग्णालयांना आजाराच्या गटानुसार ठरावीक रक्कम देऊ लागली, तेव्हा या युक्तिवादाचा पायाच खचला. १९८६ मध्ये संसदेने संघीय कायदा रद्द केला, तरी अनेक राज्यांनी आपापले नियम कायम ठेवले.

खरी मेख या परवानगीसाठी होणाऱ्या सुनावणीत आहे. एखाद्या डॉक्टरांच्या गटाने मोतीबिंदूसारख्या, त्याच दिवशी घरी सोडता येणाऱ्या शस्त्रक्रियांसाठी छोटे केंद्र काढायचे ठरवले, तर त्याच भागातील प्रस्थापित रुग्णालय अधिकृतपणे हरकत घेऊ शकते. (प्रतिस्पर्ध्यालाच पंच नेमण्यासारखा हा प्रकार आहे.) परिणामी वकिलांचा खर्च आणि विलंब वाढतो, स्पर्धा घटते आणि दर खाली येण्याचे कारण उरत नाही. संरक्षित नफ्यातून गरिबांवर उपचार होतात, हा बचाव केला जातो; पण त्यासाठी थेट अनुदान देणे अधिक पारदर्शक ठरेल, असे माझे मत आहे.