स्लोला मिसिंग मारणारी वॅगनआर: 42 हजार घालू की नवीन घेऊ?

गुहागरहून एका दादांचा मेसेज आलाय, थोडक्यात असा. 2012 ची वॅगनआर, पेट्रोल, 1 लाख 18 हजार किलोमीटर झालेत. रस्त्याला लागली की चांगली पळते पण उभी केली की स्लोला (इंजिन चालू, पाय ॲक्सिलरेटरवर नाही तेव्हा) मिसिंग मारते, म्हणजे इंजिन अडखळतं, धोपाव्याच्या जेटीवर फेरीबोटीच्या रांगेत उभी असली की स्टिअरिंगसकट अख्खी थरथरते, एकदोनदा तर बंदच पडली. मेस्त्री म्हणतो इंजिन खोलावं लागेल, 42 हजार. घरचे म्हणतात म्हाताऱ्या गाडीत पैसे घालू नका, बायकोच्या नावावरची 2 लाखांची एफडी मोडा, वर 6 लाखांचं कर्ज काढा आणि नवीन आणा. कमाई आंब्याची आणि होमस्टेच्या दोन खोल्यांची. काय करू?

दादा, आत्ता दोन्ही नको. तुम्ही 42 हजार की 8 लाख असं विचारताय, पण मला आधी हे सांगा की हे 42 हजार आले कुठून? स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावला, कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब) मोजलं असं तुमच्या मेसेजात कुठेच नाही, नुसता आवाज ऐकून इंजिन खोलायचं ठरलंय. डॉक्टरने नाडी न बघता ऑपरेशनची तारीख दिली तर आपण देतो का पैसे?

मी हिशोबाचा माणूस, मेस्त्री नाही, पण ह्यात माझे हात पोळलेत. माझ्या गाडीला हेच झालं होतं, एका गॅरेजवाल्याच्या सांगण्यावरून तिन्ही कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देतात त्या) बदलल्या, साडेपाच हजार गेले, थरथर तशीच, आणि शेवटी निघालं काय तर इनटेकजवळचा (इंजिनात हवा जायच्या वाटेजवळचा) बोटभर रबरी पाइप, उंदराने कुरतडलेला. दीडशे रुपयांत काम झालं. पावसाळ्यात गाडी पडवीला लागून उभी असते, बॉनेटखाली ऊब असते, उंदीर दुसरीकडे कशाला जातील.

उभी असतानाच का थरथरते, ते समजून घ्या म्हणजे मेस्त्रीसमोर गप्प बसावं लागणार नाही. स्लोला थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारं दार) जवळजवळ बंद असतो, इंजिन अगदी थोडी हवा घेत असतं, तेव्हा कुठून तरी चोरून थोडी जरी जास्तीची हवा आत गेली तरी पेट्रोल-हवेचं गणित बिघडतं. गाडी पळत असताना तीच गळती एकूण हवेत कुठच्या कुठे हरवून जाते. थ्रॉटल बॉडीत काजळी धरली, इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा) चोंदला तरी असंच स्लोला जास्त जाणवतं. प्लग झिजले, कॉइल अशक्त झाली तरी मिसिंग येतं. हो, व्हॉल्व्ह (सिलेंडरची झडप, तिच्यासाठी इंजिन खोलावं लागतं) नीट बसत नसेल तरी जाणवतं, मेस्त्री अगदीच खोटं बोलतोय असं नाही. पण तसं असेल तर बहुतेक वेळा घाटात ओढ कमी झालेली कळते, आणि तुम्ही म्हणताय पळते चांगली.

म्हणून आधी स्कॅनर लावून घ्या. पी 0301, 0302, 0303 ह्यातला कोड आला तर शेवटचा आकडा म्हणजे कुठला सिलेंडर मिस होतोय तो नंबर. समजा दोन नंबर आला, तर दोनची कॉइल काढून तीनला लावायची आणि तीनची दोनला, कोड पुसून पुन्हा चालवायची. कोड 0303 झाला तर कॉइल गेलीय, दोनवरच राहिला तर कॉइल निर्दोष, पुढे प्लग, इंजेक्टर बघा. ह्या अदलाबदलीला मजुरीशिवाय खर्च नाही. कॉइलचे कनेक्टर पण उघडून बघा, आपल्या खाऱ्या हवेत पिना हिरव्या पडतात. कोड पी 0300 आला, म्हणजे मिसिंग एका सिलेंडरपुरतं नाही, तर आधी हवेची गळती शोधा. इंजिनाचं माउंटिंगही (इंजिन ज्या रबरांवर टेकतं ते) बघून घ्या, तीन सिलेंडरची गाडी मुळात थोडी थरथरतेच, त्यात रबर बसलं की ती थरथर सगळी केबिनमध्ये येते. ह्या सगळ्याला 6 हजारांची मर्यादा घाला. त्यात नाही सुटलं तर कॉम्प्रेशन टेस्ट करा, तिन्ही सिलेंडरचे आकडे कागदावर लिहून घ्या, एकाचा खूपच कमी आला तरच इंजिन खोलायची गोष्ट. आणि मधल्या काळात चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला तर चालवू नका, न जळलेलं पेट्रोल कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर साफ करणाऱ्या भागात) जाऊन तो जळतो आणि तो खर्च वेगळाच.

आता नव्या गाडीचं. 6 लाख, साडेनऊ टक्के, 7 वर्षं धरलं तर हप्ता साधारण 9,800 आणि एकूण व्याज सव्वादोन लाखांच्या आसपास. हप्ता मला फार मोठा वाटत नाही, पण तो महिन्याच्या महिन्याला येतो आणि तुमची कमाई तशी येत नाही. जून ते सप्टेंबर आंबा संपलेला, खोल्या रिकाम्या, त्या चार महिन्यांचे हप्तेच 39 हजार होतात, म्हणजे दर पावसाळ्यात एक इंजिन खोलल्यासारखंच की. ट्रॅक्टरला सहामाही हप्ता मिळतो, कारला बहुतेक ठिकाणी महिन्याचाच. आणि मोहोर गळाला किंवा वादळ आलं तर हात घालायला जी एफडी होती तीच तुम्ही डाऊनपेमेंटला मोडलेली असणार. तिला हात लावू नका. गाडीचं म्हणाल तर विम्याच्या तक्त्यात पाचव्या वर्षाच्या शेवटी किंमत निम्मी धरतात, कर्जाचे तेव्हाही दोन वर्षांचे हप्ते बाकी.

उलट 42 हजार खरंच घालावे लागले आणि गाडी अजून 3 वर्षं चालली तर महिन्याला पडतात 1,170 रुपये. पण ती 3 वर्षं चालेल का हे इंजिन ठरवत नाही, पत्रा ठरवतो. किनाऱ्यावर गाडी खालून मरते. लिफ्टवर चढवा, फ्लोअर, दाराखालचा पत्रा आणि सस्पेन्शन जिथे बसतं ती जागा स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. आत गेला तर मग 42 हजार नाहीच, 6 हजारांत चालती करून पुढच्या हंगामानंतर काढून टाका. मिसिंग मारत असताना मात्र विकू नका, घेणारा दुरुस्तीच्या दुप्पट भाव पाडतो.

2027 ला 15 वर्षं होतील, तेव्हा पासिंगची 5 हजार फी, वर ग्रीन टॅक्स आणि फिटनेससाठीचं काम, हेही आत्ताच वहीत मांडून ठेवा. अजून एक, चिपळूण स्टेशनवरून पाहुण्यांना आणायचे वेगळे पैसे घेत असाल तर बंद करा, पांढऱ्या नंबरप्लेटवर ते चालत नाही आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं तेच धरते.

स्कॅनरचा कोड, निघालेल्या प्लगचा फोटो आणि खालच्या पत्र्याचा फोटो पाठवा. मग 42 हजारांचं बोलू.